कशावरून म्हणता?

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. देशात अणुऊर्जा नियामक मंडळ आलं ते नोव्हेंबर १९८३मध्ये. म्हणजे परवाना देणाऱ्या संस्थेपेक्षा परवाना मागणारं यंत्र चौदा वर्षांनी मोठं. नोकरीची बरीचशी वर्षं याच परवान्याच्या नूतनीकरणात घालवलेल्या एका अभियंता बाईंना सुरुवातीला ही नुसती सनावळी वाटली होती. पुढे कळलं की त्यांच्या कामाचं मूळच तिच्यात आहे. केंद्र बांधलं एका काळाच्या नियमांनी, त्याला तोलायचं दुसऱ्या काळाच्या नियमांवर, आणि मधलं अंतर किती, ते कशानं भरून काढता येईल आणि कुठे ते भरून निघणारच नाही, हे पुराव्यानिशी सांगायचं.

त्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेतून वर्षभराचा अभ्यासक्रम करून बाहेर पडल्या आणि तारापूरजवळच्या बोईसरला उतरल्या. सुरुवातीला मेन्टेनन्स, मग तांत्रिक विभाग. नव्या अणुभट्टीवर जाण्याची संधी बरोबरीच्या मुलांना मिळाली तेव्हा वाईट वाटलं होतं, हे त्या आजही मोकळेपणानं सांगतात. जुन्या प्लांटवर शिकायला काय मिळणार, असा तेव्हाचा सूर होता. नव्या यंत्राचं वागणं पुस्तकात लिहिलेलं असतं. जुन्याचं वागणं कुणाला तरी शोधून काढून लिहावं लागतं, हे कळायला काही वर्षं गेली.

भारतात अणुवीज केंद्राचा परवाना एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. दर दहा वर्षांनी त्याहून मोठा, सर्वांगीण सुरक्षा आढावा होतो. केंद्राची आधी स्वतःची समिती, मग त्या केंद्रासाठी नेमलेली मंडळाची समिती, त्यावर चालू केंद्रांसाठीची शिखर समिती, आणि शेवटी मंडळ. कागद एकेक पायरी चढत जातो आणि प्रत्येक पायरीवरून प्रश्नांचा गठ्ठा घेऊन खाली येतो.

अमेरिकेची पद्धत वेगळी. तिथे पहिला परवाना चाळीस वर्षांचा असतो आणि मग वीस-वीस वर्षांची मुदतवाढ मिळते. अशी पहिली वाढ मार्च २०००मध्ये मेरीलँडमधल्या कॅल्व्हर्ट क्लिफ्सला मिळाली. फ्लोरिडातल्या टर्की पॉइंटला २०१९च्या डिसेंबरात ऐंशी वर्षांपर्यंतची मंजुरी मिळाली. पुढे पर्यावरण आढाव्याच्या मुद्द्यावरून ती काही काळ मागे घेतली गेली. हा चाळीसचा आकडा पोलाद किती टिकेल यावरून ठरलेला नव्हता. तो १९५४च्या कायद्यातून आला आणि त्यामागचा हिशेब गुंतवणूक वसूल होण्याचा आणि मक्तेदारी रोखण्याचा होता. तारापूरच्या वयाबद्दल बाहेर चर्चा होते तेव्हा ‘चाळिशी उलटली, आता मोडीत काढा’ हे वाक्य हमखास येतं. त्यावर बाईंचं म्हणणं असं की अणुभट्टीला एकच वय नसतं. झडप काल बदललेली असते, केबल वीस वर्षांची असते, गाभा सामावणारं पोलादी पात्र पहिल्या दिवसापासूनचं असतं. प्रत्येकाचं वय वेगळं, प्रत्येकाचा आजारही वेगळा.

पाच वर्षांची मुदत त्यांना पटते. एक अर्ज मंजूर होईपर्यंत पुढच्याची तयारी दारात उभी असते, त्यामुळे केंद्रातल्या माणसांना सुस्तावायला सवड मिळत नाही. धोकाही त्यातच आहे. मागच्या अर्जातली वाक्यं उचलून पुढच्यात टाकण्याचा मोह होतो, आणि ‘स्थिती समाधानकारक’ हे दोन शब्द सगळ्यात सहज उचलले जातात. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य या दोन शब्दांवर कायम थांबत. आवाज न चढवता विचारत, “कशावरून म्हणता?”

हा प्रश्न बाईंनी पुढे स्वतःच्या कामाला लावून घेतला. केबलचंच घ्या. जुन्या केंद्रात मैलोगणती केबल असते. उष्णता आणि किरणोत्सार यांनी तिचं आवरण कडक होत जातं. रोजच्या वापरात त्यानं काही बिघडत नाही, दिवे लागतात, पंप चालतात. पण अपघात झाला, आजूबाजूला वाफ भरली, तापमान चढलं, तर नेमक्या त्या घटकेला ती केबल मोजमापाचा संदेश कंट्रोल रूमपर्यंत पोचवेल का? रोज चालते म्हणून त्या दिवशीही चालेल, असं म्हणता येत नाही. मग आवरणाचा नमुना काढायचा, तो ताणून तुटेपर्यंत किती लांबतो ते मोजायचं, नव्या केबलच्या आकड्याशी ताडायचं, आणि मगच ‘समाधानकारक’ लिहायचं. दोन शब्दांमागे कित्येक महिन्यांचं काम असे.

वेल्ड तपासणीचं काम त्यांनी जवळून पाहिलं. तारापूरच्या या अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या. गाभ्यातून पाणी फिरवणाऱ्या जाड नळ्या स्टेनलेस स्टीलच्या. साठच्या दशकात वापरात असलेल्या स्टीलमध्ये कार्बन थोडा जास्त असे. वेल्डिंग करताना जोडाच्या शेजारची काही मिलिमीटरची पट्टी तापते, तिथलं क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन स्फटिककणांच्या सीमेवर बसतं, आणि त्या सीमेला गंजापासून वाचवायला क्रोमियम उरत नाही. त्यात वेल्डनं मागे ठेवलेला ताण, आणि आतून २८५ अंशांच्या आसपास तापलेलं, ऑक्सिजन विरघळलेलं पाणी. तिन्ही एकत्र आलं की कणांच्या सीमेसीमेनं भेग सरकू लागते. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या अशा अणुभट्ट्यांमध्ये हे ठळकपणे दिसलं आणि मग जगभर या धर्तीच्या प्रत्येक केंद्राला आपापल्या नळ्या तपासाव्या लागल्या.

तपासायचं कसं? अल्ट्रासॉनिक प्रोबनं. नळीवर जेल लावायचं, प्रोब हळूहळू सरकवायचा, पडद्यावरच्या रेषेकडे पाहायचं. सांगायला सोपं आहे. पण स्टेनलेस स्टीलच्या वेल्डमधले कण मोठे असतात, तेच ध्वनिलहरी विखरून टाकतात. पडद्यावर उठलेला उंचवटा भेगेचा की वेल्डच्या मुळाचा, हे ओळखायला हात आणि डोळा दोन्ही तयार लागतात. बरं, ही जागा अशी की तिथे हवा तेवढा वेळ थांबता येत नाही. अंगावर पूर्ण पोशाख, छातीवर डोस नोंदवणारा टीएलडी बॅज, खिशात डोसिमीटर, बाहेर घड्याळ लावून उभा असलेला हेल्थ फिजिक्सचा माणूस. कामगाराला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट यापलीकडे डोस चालत नाही. म्हणून आधी बाहेर, तशाच मापाच्या खोट्या नळीवर सराव. कुठे पाय ठेवायचा, प्रोबची वायर कुठून घ्यायची, कोणता वेल्ड आधी, सगळं ठरवून आत जायचं. आतून आलेल्या तंत्रज्ञाच्या हातमोज्यांतून घाम निथळत असे आणि हातात दोनच वेल्डचे आकडे असत.

त्या आकड्यांवरून वरच्या समितीत तासभर चर्चा होई. दोन वेल्ड तपासले, मग न तपासलेल्यांचं काय? सगळे तपासा म्हटलं तर माणसांना डोस. कमी तपासा म्हटलं तर खात्री कमी. हा तोल कोणत्याही सूत्रानं सुटत नाही. बाईंनी एक गोष्ट मात्र पाळली. समितीसमोर आकडा ठेवताना तो मिळवायला किती माणसांनी किती डोस घेतला, तेही त्या शेजारच्या रकान्यात लिहीत. कुणी मागितलं नव्हतं. त्यांना ते लिहिल्याशिवाय राहवत नसे.

पात्राचा प्रश्न याहून वेगळा. नळ्या बदलता येतात, पंप बदलता येतो, अणुभट्टीचं मूळ पात्र व्यवहारात बदलता येत नाही. न्यूट्रॉनांचा मारा खाऊन पोलाद ठिसूळ होत जातं. उन्हाळ्यातला गूळ दाबला की चेपतो, थंडीतल्या ढेपेवर ठोसा बसला की तुकडा उडतो; पोलादालाही अशी एक तापमानाची रेघ असते, आणि वर्षं जातात तशी ती रेघ वर सरकते. म्हणून सुरुवातीलाच त्याच पोलादाचे छोटे नमुने पात्राच्या आत टांगून ठेवतात. ठरावीक वर्षांनी काढायचे, जाड शिशाच्या भिंतींमागे यांत्रिक हातांनी हाताळायचे आणि लोलकाचा घाव घालून किती ऊर्जेत तुटतात ते पाहायचं. पहिल्यांदा हे आकडे आलेखावर मांडताना बाईंना जाणवलं की आपण लहान असताना कुणीतरी आपल्यासाठी हे नमुने टांगून ठेवलेत. त्या लोकांनी परवान्याचा विचार केला नसेल, पण त्यांच्या या दूरदृष्टीवाचून कुठलाही परवाना देता आला नसता.

सगळीकडे अशी दूरदृष्टी शक्य नव्हती. चालू अणुभट्टीच्या नळ्या आणि पात्रं ठरावीक मुदतीनं कशी तपासावीत, हे सांगणारी अमेरिकन अभियंत्यांची संहिता पहिल्यांदा छापली गेली १९७०मध्ये. तारापूर त्याआधीच सुरू झालं होतं. संहिता गृहीत धरते की प्रत्येक वेल्डभोवती प्रोब फिरवायला जागा आहे. जुन्या केंद्रात ती असेलच असं नाही. तिथे मंडळाला प्रामाणिकपणे सांगावं लागतं की इथे आमचा हात पोचत नाही, आणि त्याच्या बदल्यात गळती लगेच कळेल अशी ही व्यवस्था ठेवली आहे. ‘पोचत नाही’ हे लिहायला सुरुवातीला वरिष्ठांची तयारी कमी असे. पण समितीचा अनुभव उलटा होता. ज्या अर्जात असं काहीच लिहिलेलं नसे, त्याच्याकडे सदस्य जास्त वेळ पाहत.

सुट्या भागांचं दुखणं वेगळंच. तारापूर जनरल इलेक्ट्रिकनं चावी हातात देण्याच्या कराराने बांधलं. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेशी संबंध ताणले गेले. पुढे इंधन फ्रान्सकडून आलं, मग चीनकडून, मग रशियाकडून. सुटे भाग मात्र इथेच घडवायला शिकावं लागलं. अमेरिकेत या घराण्यातली पहिली यंत्रं केव्हाच मोडीत निघाली होती. तारापूरसारखीच वाफेच्या दुहेरी चक्राची, म्हणजे गाभ्यातल्या वाफेबरोबर दुय्यम जनित्रांतूनही वाफ घेणारी, जर्मनीतली गुंड्रेमिंगेन-ए १९७७च्या अपघातानंतर सुरू झाली नाही, इटलीतली गारिलियानो १९७८नंतर थांबली ती थांबलीच. तारापूरनंही वाफेच्या दुय्यम जनित्रांतल्या नळ्या गळू लागल्यावर ती जनित्रं बाजूला काढली आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापासून प्रत्येकी २१० ऐवजी १६० मेगावॉटवर समाधान मानलं. क्षमतेवर पाणी सोडण्याचा तो निर्णय बाईंना मोठा वाटतो. पन्नास मेगावॉट सोडले म्हणून पुढची वर्षं मिळाली.

२०००नंतरचा आढावा हा त्यांच्या नोकरीतला खरा वळणबिंदू. मंडळानं केंद्र नव्यानं तपासायचं ठरवलं. आजच्या नियमांनी पाहिलं तर काय दिसतं? दोन अणुभट्ट्या काही व्यवस्था वाटून वापरत होत्या. बांधली तेव्हा ती काटकसर होती, नव्या नजरेतून ती दुबळी जागा होती, कारण एका ठिकाणची आग दोन्हींना गाठू शकते. भूकंपाचा हिशेब नव्यानं मांडला. मग कामांची यादी झाली. डिझेल जनित्रं जास्त क्षमतेची नवी, वीजपुरवठा आणि थंड करण्याच्या व्यवस्था प्रत्येक अणुभट्टीला वेगळ्या, मुख्य कंट्रोल रूम वापरता आली नाही तर सुरक्षितपणे बंद करण्यासाठी पूरक कंट्रोल रूम, आगीपासूनचं संरक्षण अधिक पक्कं. बरीच कामं इंधन बदलाच्या शटडाउनमध्ये उरकली. राहिलेल्यांसाठी २००५च्या अखेरीस दोन्ही अणुभट्ट्या एकदम बंद ठेवल्या आणि फेब्रुवारी २००६मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या.

त्या काळात बाई केबल ट्रेच्या खाली टॉर्च घेऊन फिरत. ड्रॉइंगवर एक मार्ग, प्रत्यक्षात केबल कुठून जाते ते डोळ्यांनी पाहायचं. ड्रॉइंगची ती मोठी, कडांना पिवळी पडलेली पानं, त्यांवर फूट-इंचातली मापं. सोबत एक निवृत्तीला आलेले फोरमन असत. कोणत्या भिंतीमागे काय आहे हे त्यांना पाठ होतं. बाईंनी त्यांच्या शेजारी बसून ते सगळं कागदावर उतरवून घेतलं. “मॅडम, हे कुणी विचारलंच नव्हतं आजवर,” ते म्हणाले. जुन्या केंद्राच्या आढाव्यात पोलादाइतकीच माणसांच्या निवृत्तीची तारीखही मोजायला हवी, असं त्या तेव्हापासून हट्टानं सांगू लागल्या. याची अर्जात आजही पुरेशी दखल घेतली जात नाही, असं प्रस्तुत लेखकालाही वाटतं.

मग ११ मार्च २०११ आला, आणि जपानमध्ये त्सुनामीनं फुकुशिमा दाइइची केंद्राला गाठलं. तिथली पहिली अणुभट्टी तारापूरच्याच घराण्यातली, दीडेक वर्षांनी धाकटी. त्सुनामीच्या जेमतेम महिनाभर आधी, फेब्रुवारीत, जपानच्या नियामकांनी तिला आणखी दहा वर्षं चालवायची मुभा दिली होती. ही बातमी वाचून तारापूरच्या ऑफिसात कुणी फार बोललं नाही. तिकडेही अर्ज होता, समित्या होत्या, शिक्के होते. मात्र समुद्र किती उंच उठू शकतो हा प्रश्न कुणी शेवटपर्यंत लावून धरला नव्हता.

बाईंचं लक्ष आणखी एका तपशिलावर खिळलं. त्या अणुभट्टीत वीज नसतानाही गाभा थंड ठेवणारा कंडेन्सर होता. वाफ वर जाते, टाकीतल्या पाण्यात थंड होते, पाणी होऊन स्वतःच्या वजनानं परत येते. पंप लागत नाही. तारापूरमध्येही तशीच व्यवस्था आहे आणि ती इथली मोठी जमेची बाजू मानली जाते. फुकुशिमात मात्र वीज गेली तशी त्या कंडेन्सरच्या झडपा बंद झाल्या, आणि तो चालू आहे की नाही हे तिथल्या माणसांना बराच वेळ नीट कळलं नाही. अपघाताआधी त्यांनी तो प्रत्यक्षात चालवून पाहिलेलाच नव्हता. बाहेर वाफ किती दिसते यावरून अंदाज बांधावा लागला. त्यानंतर तारापूरच्या चर्चेत ‘आपल्याकडे कंडेन्सर आहे’ हे वाक्य पुरेसं राहिलं नाही. नियंत्रणाची वीज गेली तर कोणती झडप कोणत्या अवस्थेत थांबते? अंधारात ती हातानं उघडायला कोण जाणार, कोणत्या वाटेनं? बाहेरून पाणी आत सोडायच्या जोडण्या बसवल्या गेल्या, त्यांचे सराव झाले. शिफ्टमधल्या मुलांकडून बाई या प्रश्नांची उत्तरं तोंडी म्हणवून घेत.

केंद्राच्या कुंपणाबाहेरचं शिक्षण वेगळं. आणीबाणीचं नियोजन सोळा किलोमीटर त्रिज्येच्या परिसराचं. त्यात चिंचणी येतं, बोईसर येतं, कारखाने, मच्छीमारांची गावं, आदिवासी पाडे येतात. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, त्याची सल या भागात अजून आहे. एका माहिती कार्यक्रमात बाईंनी सुरक्षेबद्दल बोलून झाल्यावर मागे बसलेली एक वयस्कर मासेवाली उठली. “बाय, तू कुठं रव्हते?” तिनं विचारलं. केंद्राच्या कॉलनीत, बाई म्हणाल्या. “पोरा पन तिथंच?” होय, शाळेत आहेत. म्हातारी खाली बसली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाईंच्या मुलांना कॉलनीची शाळा होती, घराला पक्का रस्ता होता. म्हातारीच्या पाड्यावरून पळायची वेळ आली तर गाडी कुठून येणार?

तो प्रश्न बाईंनी पुढच्या सरावाच्या बैठकीत जसाच्या तसा मांडला. त्यांचा आग्रह आजही आहे की आढाव्याचा गोषवारा मराठीत निघावा, ग्रामपंचायतीत ठेवला जावा, आणि त्यात काय बदललं, काय बदलायचं राहिलं, का राहिलं, हे तिथल्या माणसाला वाचता यावं. नुसतं ‘सर्व सुरक्षित आहे’ असं सांगणारं पत्रक नको. ज्यांच्या दारात हे केंद्र आहे त्यांना पुरावा मागायचा हक्क समितीतल्या सदस्याइतकाच आहे. तो आपण त्यांना अजून दिलेला नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं तर हिशेब सोपा नाही. दोन्ही अणुभट्ट्या मिळून ३२० मेगावॉट, तेही महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात वाटून. राज्याच्या आजच्या मागणीत ही वीज थोडी. ती फार वर्षं युनिटला रुपयाच्या आसपास मिळत होती, हे खरं. पण केवळ स्वस्त म्हणून जुनी अणुभट्टी चालू ठेवणं बाईंना मान्य नाही. राजस्थानातली रावतभाट्याची पहिली अणुभट्टी २००४पासून बंद आहे, आणि ती बंद ठेवणं हाही आढाव्याचाच एक निकाल आहे, असं त्या मानतात. अर्जाचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं हे माहीत असेल तरच ‘हो’ला किंमत.

म्हणूनच २०२०कडे त्या अपयश म्हणून पाहत नाहीत. त्या वर्षी जानेवारीत पहिली आणि जुलैत दुसरी अणुभट्टी थांबवली, आणि गाभ्यातलं पाणी फिरवणाऱ्या त्याच जुन्या नळ्या काढून कमी कार्बनच्या स्टीलच्या नव्या बसवायचं काम हाती घेतलं. पाहत राहू, मोजत राहू, असं काही काळ म्हणता येतं. मग एक वेळ अशी येते की बदलणं हाच मार्ग उरतो. पात्राला जोडलेली नळी कापायची, आतला किरणोत्सारी थर धुवून काढायचा, मोजक्या जागेत नवा वेल्ड घालायचा. मूळ बांधणीत ही नळी पुन्हा कधी काढावी लागेल, असा विचार कुणी केलेला असेलच असं नाही.

बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. तांत्रिक विभागातला एक तरुण अभियंता त्यांना फोन करायचा, जुन्या आधारांची, हँगरची, मापांची चौकशी करायचा. त्याला हवं ते सांगून झालं की त्या आपला एक मुद्दा लावून धरत. नव्या नळ्यांत पाणी जायच्या आधी प्रत्येक वेल्डची अल्ट्रासॉनिक नोंद घ्या. कोणता प्रोब, कोणता कोन, कोणाचा हात, सगळं लिहा. पुढे उंचवटा दिसला तर तो पहिल्या दिवसापासून होता की नंतर आला, हे त्यावरूनच ठरेल, आणि १९६९च्या लोकांना ही सोय नव्हती. नोंदी कागदावर ठेवा, संगणकावर ठेवा, आणि एक प्रत केंद्राच्या बाहेर ठेवा. पुढच्या आढाव्यात समितीचा पहिला प्रश्न याच नळ्यांवर येईल. दुसरा पात्रावर येईल, म्हणून आत किती नमुने शिल्लक आहेत ते आजच मोजून घ्या.